काशी-रामेश्वराची वाट आणि तंजावरची छत्रे

काशीला जातो, जातो, असे नुसते म्हणत राहिले तरी पुण्य पदरी पडते, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. आज तिचे हसू येईल. पण सामान्य माणसाला स्वतःच्या पायांवाचून दुसरे वाहन ठाऊक नव्हते, त्या काळी हे सांत्वन फार मोलाचे होते. यात्रेला निघणारा मनुष्य घरादाराचा शेवटचा निरोप घेऊनच उंबरठा ओलांडी. परत आला तर मावंदे घालावयाचे; न आला तर देवाने त्याला वाटेतच जवळ केले, असे मानून डोळे पुसावयाचे.

तरीही लोक जात. काशीची गंगा रामेश्वरी नेत आणि सेतूची वाळू काशीला. शेकडो कोसांची ही ये-जा कशाच्या बळावर चाले? भक्तीच्या, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. भक्तीने पाऊल उचलते. पण रात्री पोटात अन्न पडले नाही तर सकाळचे पाऊल जड होते. त्या अन्नाची सोय कोणी केली, याचे एक उत्तर तंजावरात मिळते.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी कावेरीकाठी भोसल्यांचे राज्य स्थापिले. रामेश्वरास जाणारी वाट या राज्यातून जात होती. तिच्या कडेने तंजावरच्या राजांनी छत्रे बांधिली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकाच ठिकाणी. बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे, तर तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडचे, १८०२ साली उभारलेले, मुक्तांबेच्या नावाचे.

या छत्रांत काय चाले, ते दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रावरून कळते. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्याला तेथे जेवण मिळे. शिजविलेले अन्न ज्यांना चालत नसे त्यांना कोरडा शिधा देत. मध्यरात्रीपर्यंत वाढणे चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असे पुकारीत. आजाऱ्याला बरा होईपर्यंत ठेवून घेत व वैद्य औषध देई. वाटेत दिवस भरलेल्या स्त्रीचे बाळंतपण तेथेच होई आणि पुढे काही महिने तिची व्यवस्था राही. तान्ह्या मुलांना दूध मिळे. आईबाप वाटेतच वारले तर पोरक्या मुलांना छत्रातील पंतोजी शिकवी. मेलेल्यावर त्याच्या त्याच्या जातिधर्माप्रमाणे संस्कार होत. प्रवासात माणसावर जे जे म्हणून ओढवू शकते, त्या सर्वांचा विचार येथे झालेला दिसतो.

हे पत्र ज्या वेळी लिहिले गेले ती वेळ लक्षात घ्यावी. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि वर्षासन उरले होते. अशा स्थितीत या राजाने, छत्रांना लावून दिलेल्या उत्पन्नास हात लावू नये, अशी विनवणी केली. सिंहासनाचे तेज गेले तरी वाटेवरची चूल विझू नये, ही त्याची तळमळ होती.

पुढे १८२० साली सरफोजीराजे स्वतःच काशीच्या वाटेला लागले. त्यांच्याबरोबर सुमारे ३००० माणसे होती, असे सांगतात. गया, काशी आणि प्रयाग अशी त्रिस्थळी करून ते १८२२ साली परतले. राजाचा लवाजमा असूनही या फेरीला सुमारे दोन वर्षे लागली. काशीहून मिळविलेल्या संस्कृत पोथ्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात मोठी भर पडली आणि दरबारातील कवींनी या यात्रेवर मराठी लावण्या रचिल्या. ज्याने वीस वर्षे परक्या वाटसरूंना जेवू घातले, तो आता स्वतः परमुलखाचा वाटसरू झाला होता.

१८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली नागपट्टणहून आगगाडी तंजावरला आली आणि १९१४ साली पांबनच्या खाडीवरील पुलावरून ती रामेश्वराच्या बेटावर पोचली. महिन्यांचा पल्ला दिवसांवर आला. वाटेत प्राण जाण्याचे भय सरले, हे निःसंशय बरे झाले. यात्रेकरू आता छत्रांच्या दारात न थांबता पुढे जाऊ लागला.

तथापि एक गोष्ट मनात राहते. जुन्या प्रवासात दर मुक्कामाला माणसाला अनोळखी माणसावर विसंबून राहावे लागे, आणि म्हणूनच अनोळखी माणसाची काळजी वाहणे हे राज्याचे कर्तव्य ठरले होते. आज तिकीट हाती असले की कोणाचे ऋण नको असते. पण मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी आहे का, असे विचारणारे ते दार ज्या वाटेवर होते, ती वाट कितीही लांबची असली तरी परकी म्हणता आली नसती.