मनाच्या दुखण्याचे डॉक्टर

आमच्या लहानपणी कोणी जरा वेड्यासारखे वागले की, "ह्याला ठाण्याला धाडा," नाहीतर "येरवड्याला पाठवा," असे मोठी माणसे हसत म्हणत. ठाण्याचे इस्पितळ १९०१ सालचे, येरवड्याचे १९१५ चे. पण तेथे औषध देणारे डॉक्टर ही विद्या कोठे शिकतात, हे विचारावे असे मला कधी सुचले नाही.

खरे म्हणजे पूर्वी ती शिकण्याची सोयच आपल्याकडे फारशी नव्हती. इंग्रजी अमदानीत अशा इस्पितळांवर पुष्कळदा लष्करातले नाहीतर सिव्हिल सर्जनच्या हुद्द्याचे डॉक्टर नेमीत. हाडे बसविणारा आणि ताप उतरविणारा तोच मनाचाही वैद्य! १९१२ चा कायदाही वेड्यांना आत ठेवण्याचा, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाचा. १९४६ साली भोर समितीने पाहिले तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा होत्या सुमारे दहा हजार. शिकलेले डॉक्टर तर बोटावर मोजण्याइतके. पुढे १९५४ साली बंगलोरला सरकारी संस्था निघाली आणि १९५५ पासून तेथे डॉक्टरांना मनोविकारांची पदविका देऊ लागले. आता एम. बी. बी. एस. झाल्यावर आणखी तीन वर्षे शिकून ह्याच विषयात एम. डी. होता येते.

पण मला सर्वांत मोठे वाटतात ते अमृतसरचे डॉ. विद्यासागर. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही तेथे राहावयास लावले. आया, बायका, भाऊ समोर बसत. आजार म्हणजे काय, घरी गेल्यावर कसे वागावे, हे डॉक्टर स्वतः त्यांना समजावून सांगत. रोगी बरा होऊन घरच्यांबरोबरच परत जाई.

हे वाचले आणि आमच्या एक चुलत सासूबाई आठवल्या. बाळंतपणानंतर त्यांना भ्रम झाला. आधी अंगारे-धुपारे झाले, मग दूरच्या एका इस्पितळात ठेवले. पुढे त्या बऱ्या झाल्या, तसे पत्रही आले. न्यायला मात्र कोणी गेले नाही. लोक काय म्हणतील!

घरचे स्वीकारीत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही, असे २०१७ च्या कायद्यात आता लिहिले आहे. सासूबाई त्याआधीच गेल्या.