तापलेलें लोखंड व वायुरंध्र : देवगिरीच्या अंधारीसंबंधीं टिपण

जीर्णोद्धार ह्या शब्दास आपल्याकडे इतकें पुण्य चिकटलेलें आहे, कीं त्यांत उद्धार कोणाचा झाला व नाश कशाचा झाला हें सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत टिपणाचा विषय दिसावयास क्षुल्लक आहे : अग्नि व वारा ह्यांच्या वाटेवर, जमिनींत बसविलेलीं लोखंडाचीं झांकणें व जाळ्या. त्या झिजतात, गंजतात, आणि पहिली संधि मिळतांच बदलल्या जातात.

उष्णता कोंडून ती छिद्रांवाटे सोडण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, 14 व्या अध्यायांत, जेंताक-स्वेदाचें वर्णन आहे. वर्तुळाकार घराच्या मध्यभागीं पुरुषभर उंचीचा मातीचा अंगारकोष्ठ, त्यास पुष्कळ सूक्ष्म छिद्रें, व वर झांकण. विनयपिटकांत भिक्षूंच्या जंताघरास धूर बाहेर नेणारी नळी सांगितलेली आहे. पुढें हम्मामांत भट्टीची ऊब फरसबंदीखालून खेळविण्याची रीत आली. रोमन लोकांच्या स्नानगृहांतही ती होतीच. सर्वत्र अग्नीइतकेंच छिद्राला महत्त्व.

ह्याच तत्त्वाचा युद्धासाठीं केलेला उपयोग पहावयाचा तर औरंगपुऱ्याहून सुमारें 15 किलोमीटरांवरील देवगिरीस जावें. यादवांची ही राजधानी. 1327 मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथेंच हलविली व पुढें हिचें दौलताबाद हेंच नांव रूढ झालें. खंदक ओलांडून वर जाणारी वाट खडकांत खोदलेल्या अंधारींतून जाते. जुन्या वर्णनकारांनीं लिहून ठेविलें आहे, कीं अंधारीच्या वरच्या तोंडावर जाड लोखंडी झांकण असे. शत्रू आंत शिरल्यास तें लोटून त्यावर जाळ करावयाचा. आणि जाळास वारा मिळावा म्हणून जवळच खडकास आरपार भोंक पाडलेलें आहे. झांकणाची जाडी सुमारें एक इंच दिलेली आढळते.

आमच्या मतें ह्या वर्णनांतील खरा पुरावा लोखंड नव्हे, तें भोंक होय. लोखंड एकटें असतें तर तें केवळ दार ठरलें असतें. भोंकामुळें तें तवा ठरतें. मात्र योजना होती एवढ्यावरून ती अंमलांत आली असें म्हणवत नाहीं. 1633 मध्यें किल्ला मोगलांच्या हातीं गेला तो मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान शरण आल्यामुळें. तेव्हां जाळ खरोखर कधीं झाला होता काय, ह्या प्रश्नाचें उत्तर कागदांपेक्षां धातूकडेच मागावें लागतें. वारंवार लाल तापलेल्या लोखंडावर काळ्या खवल्यांचे थर चढतात, पत्रा वांकतो. नुसत्या पावसाच्या गंजाची जात निराळी. घासून, चकचकीत करून, वर काळा रंग चोपडला, कीं साक्षीदाराचें तोंड बंद झालें.

हें आम्ही परोपदेशाचें पांडित्य म्हणून लिहीत नाहीं. आमच्या औरंगपुऱ्यांतील राहत्या घरीं न्हाणीघराच्या चुलाणाखालीं बिडाची एक जाळी जमिनींत बसविलेली होती. राख खालीं पडावी व वारा वर यावा हें तिचें काम. दोन गज तुटले, तेव्हां आम्हींच ती काढवून नवी बसविली. चार दिवसांनीं गवंडी सहज बोलून गेला, कीं जाळीच्या पाठीवर अक्षरें होतीं. आम्ही भंगारवाल्याकडे धांवलों. ती वितळावयास गेलेली होती. आयुष्यभर विद्यार्थ्यांस पोथीचें पान उलटून मागची बाजू पहावयास शिकविलें, आणि स्वतःच्या घरची जाळी उलटून पाहिली नाहीं !

धातूचें रक्षण कठीण नाहीं. सुटा गंज मऊ कुंचल्यानें झाडावा, वस्तु पूर्ण वाळवावी, टॅनिक आम्लाचा पातळ लेप द्यावा व वर मेणाचा हात फिरवावा. ह्या लेपानें गंजाचें निळसर काळें व बरेंच स्थिर द्रव्य बनतें. हस्तलिखितांच्या संग्राहकांस तें अपरिचित नसावें. हिराकस आणि हिरडा ह्यांच्या शाईचा काळेपणा तोच. लोखंडास तारणारें हें द्रव्य शाईंतील आम्ल व उरलेल्या हिराकसासह कागदावर उतरलें, कीं कागद खाऊं लागतें, हा त्याचा विलक्षण स्वभाव. परंतु लेप देण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र, मापें आणि अक्षरें असल्यास कागदी ठसा घेतलाच पाहिजे, कारण लेपानंतर पूर्वीचा रंग परत दिसत नाहीं. भाग बदलणें अपरिहार्य असेल तर नव्यावर साल कोरावें व जुना तुकडा जपावा. त्रुटित पोथींत नवें पान घालतांना प्रामाणिक लेखक तसें नमूद करितो, तसेंच हें.

देवगिरीच्या झांकणाचीं जुनीं मापें, रेखाटनें किंवा छायाचित्रें कोणा संग्राहकाजवळ असतील तर त्यांनीं तीं ह्या त्रैमासिकाकडे धाडावीं. विशेषतः खडकांतील भोंकाची दिशा व झांकणापासूनचें अंतर आम्हांस हवें आहे.