कमिशनर विरुद्ध बँक्स

कमिशनर विरुद्ध बँक्स हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २००५ रोजी दिलेला प्राप्तिकरविषयक निर्णय आहे. दाव्यात मिळालेली रक्कम करपात्र असेल, तर तिच्यातून वकिलाला दिलेला हिस्साही सामान्यतः अशिलाचेच उत्पन्न ठरतो, असे या निर्णयाने प्रस्थापित केले. नावातील ‘कमिशनर’ म्हणजे तेथील महसूल खात्याचे आयुक्त, तर ‘बँक्स’ हे करदात्याचे आडनाव होय.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील अनेक दिवाणी दाव्यांत यश मिळाले तरच फी, आणि तीही मिळालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा, असा करार होतो. (भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना असा करार करता येत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हा वाद काहीसा अपरिचित वाटेल.)

बँक्स यांना कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्याने १९८६ मध्ये नोकरीवरून काढले. वांशिक भेदभावाबद्दलचा त्यांचा दावा ४,६४,००० डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्यांपैकी १,५०,००० डॉलर वकिलाला मिळाले. हाती ३,१४,००० डॉलर उरले असले, तरी महसूल खात्याने संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली. याच निर्णयात बनायटिस या माजी बँक अधिकाऱ्याचे प्रकरणही निकाली निघाले. त्यांच्या ८७,२८,५५९ डॉलरपैकी ३८,६४,०१२ डॉलर थेट वकिलाला देण्यात आले होते. दोन्ही अपील न्यायालयांनी करदात्यांच्या बाजूने कौल दिला होता.

फीची वजावट मिळत असे, पण ती नावापुरतीच. एकूण उत्पन्नाच्या २ टक्क्यांवरील खर्चच तीत धरला जाई आणि ‘पर्यायी किमान कर’ लागू झाल्यास तीही नाहीशी होई. २००२ मधील इलिनॉय राज्यातील एका खटल्यात, लैंगिक छळाविरुद्ध जिंकलेल्या महिला पोलीस अधिकाऱ्यावर भरपाईहून अधिक कर भरण्याची वेळ येण्याची चिन्हे होती. न्याय मिळूनही पदरी तोटा, असा हा विचित्र प्रकार.

निर्णय

न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेला निकाल ८–० असा एकमताचा होता; सरन्यायाधीश रेनक्विस्ट सहभागी नव्हते. दाव्याचा हक्क अशिलाचा, वकील हा त्याचा प्रतिनिधी. म्हणून उत्पन्न हाती येण्यापूर्वी त्याचा वाटा दुसऱ्याला लिहून दिल्याने कर टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. यास ‘लुकास विरुद्ध अर्ल’ (१९३०) या निर्णयाचा आधार होता. फळे ज्या झाडाची, त्याच झाडाच्या नावे ती धरावीत, हे त्यातील तत्त्व.

नंतरची स्थिती

निकालापूर्वीच, २२ ऑक्टोबर २००४ रोजी, अमेरिकन जॉब्ज क्रिएशन कायद्याने बेकायदा भेदभावाच्या दाव्यांतील फी स्थूल उत्पन्नातून थेट वजा करण्याची मुभा दिली. ती पूर्वलक्षी नसल्याने बँक्स व बनायटिस यांना उपयोगी पडली नाही.

शारीरिक दुखापतीची भरपाई मुळातच करमुक्त असल्याने तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मात्र बदनामीसारख्या वैयक्तिक दाव्यांत अडचण वाढली आहे. २०१७ च्या करकायद्याने २०१८ पासून जुनी वजावट स्थगित केली आणि २०२५ च्या कायद्याने ती स्थगिती कायम केली.