अस्सलबरहुकूम : ‘ब्रीफ एन्काउंटर’ची घरगुती आवृत्ती

राज्य शासनाच्या सेवेत आम्ही चौतीस वर्षे काढली. त्यांपैकी बराच काळ महसूल खात्याच्या अभिलेखांच्या सहवासात गेला. अभिलेखागारात येणारा माणूस सहसा मूळ कागद मागत नाही, तो नक्कल मागतो. नकलेवर सही करण्यापूर्वी आम्हांस तीन गोष्टी पाहाव्या लागत. मुळातील काही गळले आहे काय? मुळात नसलेले काही शिरले आहे काय? आणि नक्कल कोणी, कोणत्या कागदावरून, केव्हा केली याची नोंद आहे काय? जुन्या मोडी दप्तरांत या कसोटीस उतरलेल्या कागदासाठी एक नेमका शब्द आहे, ‘अस्सलबरहुकूम’. चित्रपटांच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी असे आम्हांस निवृत्तीनंतर प्रकर्षाने वाटू लागले, आणि त्याला एक निमित्त घडले.

आमची कन्या अमेरिकेतून येताना एक संच घेऊन आली. क्रायटेरियन या संस्थेने २०१२ साली काढलेल्या या संचाचे नाव ‘डेव्हिड लीन डायरेक्ट्स नोएल कॉवर्ड’. त्यात चार चित्रपट आहेत. त्यांपैकी ‘ब्रीफ एन्काउंटर’ हा आमच्या तरुणपणापासूनचा सोबती. तो आम्ही आयुष्याच्या तीन टप्प्यांवर तीन निरनिराळ्या रूपांत पाहिला आहे. म्हणून या तबकडीचे मूल्यमापन करताना चित्रपटाचा आणि त्याच्या प्रतींचा इतिहास एकत्रच सांगणे भाग आहे.

कथा थोडक्यात अशी. लॉरा जेसन ही मध्यमवयीन विवाहिता दर गुरुवारी जवळच्या गावी बाजारहाट करावयास जाते, ग्रंथालयातील पुस्तक बदलते, एखादा चित्रपट पाहते आणि संध्याकाळच्या गाडीने परतते. एके दिवशी स्थानकावर तिच्या डोळ्यांत कोळशाचा कण जातो. अ‍ॅलेक हार्वी नावाचा डॉक्टर तो काढतो. तोही विवाहित, मुलाबाळांचा. पुढील काही गुरुवारांत त्यांचे प्रेम जडते, आणि दोघेही ते ओळखून थांबतात. अ‍ॅलेक दक्षिण आफ्रिकेतील नोकरी पत्करून निघून जातो. शेवटच्या निरोपाच्या क्षणी ओळखीची एक वाचाळ बाई येऊन बसते, आणि त्याला लॉराच्या खांद्यावर केवळ हात ठेवून जावे लागते. ही सर्व हकीकत लॉरा आपल्या पतीला, फ्रेडला, मनातल्या मनात सांगत आहे अशी रचना आहे.

मूळ कृती नोएल कॉवर्ड यांची ‘स्टिल लाइफ’ ही १९३६ सालची एकांकिका. ती सर्वस्वी स्थानकावरील उपाहारगृहातच घडते. रंगभूमीवर त्या दोघांच्या संबंधांनी मर्यादा ओलांडलेली आहे. चित्रपटात ती ओलांडली जात नाही. या बदलामुळे कथा सोवळी झाली असे कोणी म्हणेल, परंतु आमच्या मते त्यामुळेच ती कठीण झाली. चूक घडली असती तर पश्चात्ताप करता आला असता. येथे जे घडले नाही त्याचे ओझे वाहावयाचे आहे.

चित्रीकरणाचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये, महायुद्ध संपलेले नसताना, लँकेशायरमधील कार्नफोर्थ स्थानकावर रात्री-रात्री हे काम चालले. स्थानक इतक्या उत्तरेस निवडण्याचे एक कारण असे, की दक्षिणेकडे शत्रूची विमाने दिसल्यास दिवे मालवावयास पुरेसा अवधी मिळावा. उपाहारगृह मात्र डेनम येथील स्टुडिओत उभारलेले होते. छायाचित्रकार रॉबर्ट क्रॅस्कर यांनी वाफ, ओले फलाट आणि भुयारी वाट यांतून काळ्या-पांढऱ्याच्या ज्या छटा काढल्या, त्या या चित्रपटाचा अर्धा जीव आहेत. पुढे ‘द थर्ड मॅन’साठी त्यांना ऑस्कर मिळाले. नोव्हेंबर १९४५ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. लॉराची भूमिका करणाऱ्या सेलिया जॉन्सन यांना व दिग्दर्शक लीन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

तत्पूर्वीचा एक प्रसंग लीन यांनीच पुढे सांगितला आहे. केंट परगण्यातील रॉचेस्टर गावी या चित्रपटाचा पूर्वखेळ ठेवला असता प्रेक्षक प्रेमप्रसंगांना खो-खो हसले. त्या रात्री लीन यांच्या मनात आले की प्रयोगशाळेत शिरून चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जाळून टाकावी. ती जाळली असती तर आज कोणत्याही नकलेला अस्सल उरले नसते. अभिलेख सांभाळणाऱ्या माणसाला हे वाक्य लिहितानाही धस्स होते.

आता आमच्या तीन भेटींविषयी. पहिली भेट १९७९ च्या सुमारास, हैदराबादेतील एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, सोळा मिलिमीटरच्या जुन्या प्रतीवर. आवाज खरखरत होता, एका रिळाचा शेवट तुटला होता; तरीही आम्ही विशीतले श्रोते भारावून बाहेर पडलो. दुसरी भेट त्यानंतर दहा वर्षांनी भाड्याने आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर. चित्र करडे आणि ओघळलेले होते. परंतु आम्हांस अधिक खटकले ते संगीत. चित्रपटभर रखमानिनोव्ह यांचा दुसरा पियानो कन्चेर्टो वाजतो. पियानोवर आयलीन जॉइस आहेत. आमच्या घरी पेटी होती आणि कानाला सुरांची थोडी सवय होती. या रचनेचा मूळ षड्ज म्हणजे आपल्या पेटीवरील पांढरी एक. कॅसेटवर मात्र सूर काळी एककडे सरकलेला लागत होता.

हा आमच्या कानाचा भास नव्हता. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीने चित्रित होतो. आपल्याकडे आणि युरोपात दूरदर्शनची पाल पद्धत सेकंदाला पंचवीस चौकटी दाखवी. रूपांतर सोपे व्हावे म्हणून चित्रपट सरळ किंचित वेगाने पळविला जाई. त्यामुळे ८६ मिनिटांचा हा चित्रपट सुमारे साडेब्याऐंशी मिनिटांत संपतो, आणि प्रत्येक सूर एका अर्धस्वराच्या जवळपास पाऊण हिश्श्याने वर चढतो. दृश्य एकही कापलेले नसते, पण काळ कापलेला असतो. लॉराच्या बोलण्यातील विराम आखडतात. ज्या चित्रपटाचा सारा अर्थ विरामांत आहे, त्याच्या बाबतीत ही किरकोळ बाब नव्हे. नकलेत अक्षर न् अक्षर असावे, पण ओळींमधील अंतर नाहीसे व्हावे, तशातलाच हा प्रकार.

तिसरी भेट या तबकडीवरची. क्रायटेरियनने २००० साली या चित्रपटाची डीव्हीडी काढली होती. त्यानंतर २००८ साली, लीन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या राष्ट्रीय संग्रहालयाने डेव्हिड लीन फाउंडेशनच्या अर्थसाह्याने त्यांच्या पहिल्या दहा चित्रपटांचे जीर्णोद्धारकार्य पार पाडले. २०१२ ची ब्ल्यू-रे आवृत्ती त्या जीर्णोद्धारावर आधारलेली आहे.

पहिली कसोटी, काही गळले आहे काय. गती मुळातली आहे, लांबी पूर्ण आहे, चौकट जवळपास चौकोनी, म्हणजे मूळ प्रमाणातच आहे. रुंद पडद्यासाठी वरचे-खालचे काही छाटलेले नाही. शेवटाकडे लॉरा वेगाने जाणाऱ्या गाडीकडे धावते आणि कडेवर थबकते. गाडीच्या खिडक्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत जातो. कॅसेटवर तेथे नुसता पांढरा डाग फडफडताना दिसे. येथे प्रत्येक खिडकीचा उजेड वेगळा दिसतो, आणि दोन उजेडांमधल्या अंधारात तिचे डोळे दिसतात. तिने काय करावयाचे टाळले हे त्या अंधारांतच कळते.

दुसरी कसोटी, काही शिरले आहे काय. जुन्या चित्रपटांना चकचकीत करण्याच्या हौसेपायी फिल्मचा नैसर्गिक कण पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत केल्याची उदाहरणे बाजारात आहेत. येथे कण शाबूत आहे. ध्वनी मुळात एकमार्गी होता. तो तसाच ठेवला आहे, भोवताल भरून टाकणारा नवा आवाज त्यात मिसळलेला नाही. काही दृश्यांत बारीक ओरखडे शिल्लक दिसतात. ते आम्हांस खुपले नाहीत. कागद जुना आहे हे नकलेवरून कळले तर त्यात गैर ते काय?

तिसरी कसोटी, सही आणि तारीख. जीर्णोद्धार कोणाचा आणि कोणत्या साली झाला हे या संचावर स्पष्ट नोंदलेले आहे. पूरक सामग्रीत चित्रपट-इतिहासकार ब्रूस एडर यांचे समालोचन आहे आणि लीन यांच्यावरील १९७१ सालचा दूरचित्रवाणीपट आहे. समालोचन माहितीपूर्ण आहे. चांगल्या संपादकाच्या तळटीपांचे काम ते करते.

दोषही सांगितले पाहिजेत. ब्ल्यू-रे तबकड्यांसाठी जगाचे प्रदेश पाडलेले आहेत. ही तबकडी अमेरिकेच्या ‘ए’ विभागाची. भारत ‘सी’ विभागात मोडतो. साध्या यंत्रावर ती येथे चालत नाही, आणि आम्हांस त्यासाठी सर्व विभागांच्या तबकड्या चालविणारे यंत्र मिळवावे लागले. खरी नक्कल तयार करावयाची आणि ती परगण्याबाहेर वाचता येऊ नये अशी तजवीज करावयाची, हे व्यापाराला शोभत असेल, अभिलेखाला शोभत नाही.

परंतु तबकडीने आम्हांस दिलेली सर्वांत मोठी गोष्ट तांत्रिक नव्हे. विशीत आम्हांस फ्रेड हा केवळ शब्दकोडे सोडविणारा निरस नवरा वाटला होता. या खेपेस सौ. शेजारी बसल्या होत्या. चित्रपटाच्या शेवटी फ्रेड उठून पत्नीजवळ येतो, ती फार दूर गेली होती असे काहीसे म्हणतो, आणि परत आल्याबद्दल तिचे आभार मानतो. सौ. हळूच म्हणाल्या, “अहो, याला सगळं कळलं होतं.” आम्ही ते दृश्य पुन्हा लावले. खरोखरच, पूर्वीच्या एका प्रसंगातही तो कोड्यावरून मान वर करून क्षणभर तिच्याकडे पाहतो. चित्र स्वच्छ झाले म्हणून हे दिसले, की चाळीस वर्षांचा संसार झाला म्हणून, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. बहुधा दोन्ही लागत असावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९४६ साली कान येथे पहिला चित्रपट महोत्सव भरला आणि अकरा चित्रपटांना सर्वोच्च पारितोषिक विभागून देण्यात आले. त्यांपैकी एक ‘ब्रीफ एन्काउंटर’, आणि दुसरा आपल्या चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’. पंडित रविशंकर यांचे संगीत आणि जोहरा सहगल यांचा अभिनय त्यात आहे. एकाच पंक्तीत बसलेल्या या दोघांचे पुढील आयुष्य ताडून पाहावे. एकाचे स्थानकसुद्धा जतन झाले. कार्नफोर्थ येथे २००३ पासून संग्रहालय आहे आणि चित्रपटातील उपाहारगृह तेथे पुन्हा उभारलेले आहे. दुसऱ्याला मायदेशी धड प्रदर्शनही लाभले नाही. बहुतेकांनी तो पाहिला तो कित्येक दशकांनंतर दूरदर्शनवर.

‘नीचा नगर’ निदान उरला. १९३१ च्या ‘आलम आरा’ची, भारताच्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली. पण तोवर कितीतरी चित्रपट नाहीसे झाले होते. जुनी नायट्रेट फिल्म झपाट्याने कुजते आणि ठिणगी पडताच पेट घेते. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाची कित्येक नायट्रेट रिळे भस्मसात झाली. समाधानाची गोष्ट एवढीच, की आता जीर्णोद्धाराचे काम शासकीय पातळीवर सुरू झाले असून, १९५३ च्या ‘श्यामची आई’ची नवी प्रत २०२३ साली गोव्याच्या महोत्सवात दाखविली गेली.

हे सारे हैदराबादच्या मराठी वाचकांस का सांगावे? आपल्या कित्येक घरांतील कपाटांत १९८५ ते २००० या काळातल्या कॅसेटी पडून आहेत. त्यांत मंडळांच्या गणेशोत्सवातील नाटके आहेत, येथल्या हौशी नटांची कामे आहेत, आणि आज हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. दखनीचा गोडवा मिसळलेली आपली मराठी त्यांत बोलली गेली आहे. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते, आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. या नाटकांची निगेटिव्ह कोठेच नाही. आपल्या घरातली कॅसेट हीच अस्सल. तिची नक्कल वेळीच करून घ्यावी, मूळ गतीने करावी, सुंदर दिसावी म्हणून तीत ढवळाढवळ करू नये, आणि वर नाव, गाव व तारीख लिहून ठेवावी. आमच्या घरच्या चार कॅसेटींवर आम्ही हे काम सुरू केले आहे. पहिलीत आमच्या वडिलांचा आवाज अठ्ठावीस सेकंद आहे.