जठराचा कर्करोग : जनुक-सक्रियतेवरून रोगाच्या वाटचालीचे अनुमान

जठराच्या कर्करोगाची गाठ काढल्यानंतर रोग पुन्हा उलटेल का, केमोचा उपयोग होईल का, रुग्ण पाच वर्षे पार करण्याची शक्यता किती, याचा अंदाज गाठीतील निवडक जनुके किती कार्यरत आहेत हे मोजून बांधण्याची पद्धती. सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी आणि रोगाची स्टेज यांना ती पूरक आहे. त्यांची जागा ती घेत नाही. दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि अमेरिका येथील संशोधनातून 2010 नंतरच्या दशकात तिला आजचे रूप आले. प्रस्तुत नोंदीत तिच्या तत्त्वाबरोबरच छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे ती कितपत उपयोगी पडेल, याचाही विचार केला आहे.

रायपुरात जनुकाची तपासणी म्हटली की पहिल्यांदा आठवते ती सिकलसेल. राज्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्याच्यासाठी शहरात स्वतंत्र संस्थाही आहे. येथे वर्णिलेली तपासणी मात्र वेगळी आहे. सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिन या एकाच जनुकातले एक अक्षर बदललेले असते. हा बदल जन्मापासूनचा, शरीराच्या प्रत्येक पेशीत असलेला आणि आईवडिलांकडून आलेला. जनुक-सक्रियता मोजताना पेशीत कोणते जनुक आहे हा प्रश्नच नसतो. माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे 20,000 जनुके असतात, पण त्यांतली काही जोरात चालू, काही मंद, काही अगदी बंद असतात. चालू जनुक स्वतःच्या आरएनए प्रती काढत राहते. या प्रती मोजल्या की त्या जनुकाचे काम कळते. तपासणी रक्ताची नसते, गाठीच्या तुकड्याची असते. अहवालात ‘जीन’ हा शब्द दिसला की हे मुलांनाही होणार का, असे घरचे हमखास विचारतात. या चाचणीपुरते उत्तर नाही असेच आहे. जठराचा आनुवंशिक कर्करोग असतो, पण तो विरळा. 1998 मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून सीडीएच1 या जनुकातील दोष त्याला कारणीभूत असल्याचे उघड झाले. त्याची तपासणी वेगळी असते आणि ती रक्तावर करतात.

मोजण्याची रीत : कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेली आरटी-पीसीआर हीच यातली मुख्य पद्धत. छत्तीसगडमध्ये कोरोनाची तपासणी सर्वप्रथम सुरू झाली ती रायपूरच्या टाटीबंध भागातील एम्समध्ये. त्या वेळी लोक एकमेकांना विचारत असलेली ‘सीटी व्हॅल्यू’ म्हणजे नमुन्यातला आरएनए यंत्राला दिसू लागेपर्यंत लागलेली आवर्तने. प्रत्येक आवर्तनात प्रती जवळपास दुप्पट होतात, म्हणून आकडा जितका कमी तितका मूळचा आरएनए जास्त. दहा आवर्तनांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट. गाठीतही हेच मोजायचे, फक्त विषाणूच्या आरएनएऐवजी रुग्णाच्या जनुकांचा. जोडीला सर्व पेशींत कायम चालू असणारी काही जनुके मोजतात आणि त्यांच्याशी तुलना करतात, नाहीतर तुकडा लहान होता की जनुक मंद होते हे कळायला मार्ग नाही. हजारो जनुके एकदम पाहायची तर मायक्रोॲरे किंवा आरएनए-सिक्वेन्सिंग वापरतात. संशोधनाला ते ठीक; रोजच्या कामाला चार-पाच जनुकांची पीसीआर पुरावी, असा साऱ्यांचा प्रयत्न असतो.

उपप्रकार : 1965 मध्ये फिनलंडच्या पेक्का लॉरेन यांनी जठराच्या कर्करोगाचे आतड्यासारखा आणि विखुरलेला असे दोन प्रकार सांगितले. ही विभागणी आजही पॅथॉलॉजीच्या अहवालात असते. ती डोळ्यांनी पाहून केलेली आहे. एकाच प्रकारातले, एकाच स्टेजचे दोन रुग्ण अगदी वेगळ्या वाटांनी का जातात, हे तिच्यातून कळत नाही. सिंगापूरच्या गटाने 2011 मध्ये जनुकांच्या सक्रियतेवरून दोन गट पाडले आणि त्यांचे आयुर्मान व औषधांना मिळणारा प्रतिसाद वेगवेगळा असल्याचे दाखवले. 2014 मध्ये अमेरिकेच्या ‘कॅन्सर जिनोम ॲटलास’ प्रकल्पाने 295 गाठी तपासून चार उपप्रकार मांडले : एप्स्टाइन-बार विषाणू असलेला, डीएनए-दुरुस्ती बिघडलेला (एमएसआय), जनुकसंच स्थिर असलेला आणि गुणसूत्रे अस्थिर झालेला. 2015 मध्ये सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरमधील 300 गाठींवर आशियाई संशोधनगटाने केलेला अभ्यास रोगाच्या वाटचालीच्या दृष्टीने अधिक कामाचा ठरला. त्यात एमएसआय गटाची स्थिती सर्वांत चांगली निघाली. शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचातल्या एकाचा रोग उलटला. ज्या गाठीतील पेशी एकमेकींना धरून राहण्याचे सोडून भटक्या पेशींसारख्या वागू लागतात, त्या ‘ईएमटी’ गटात दहातल्या सहाजणांचा रोग उलटला. या गटातले रुग्ण वयाने लहान होते आणि रोग पोटाच्या अस्तरावर पसरण्याकडे कल होता.

केमो कोणाला : भाकीत नुसते जाणून घेऊन रुग्णाच्या हाती फारसे लागत नाही. उपचार बदलणार असेल तरच त्याचे मोल. हा मुद्दा ‘क्लासिक’ नावाच्या चाचणीवरून नीट समजतो. कोरिया, चीन व तैवान येथील दुसऱ्या व तिसऱ्या स्टेजच्या 1,035 रुग्णांवर ती झाली. सर्वांचे जठर आणि भोवतालच्या लसीकाग्रंथी काढल्या. निम्म्यांना त्यानंतर केमो दिली, निम्म्यांना दिली नाही. पाच वर्षांनी केमो घेतलेल्यांपैकी सुमारे 78 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी सुमारे 69 टक्के हयात होते. म्हणजे शंभरातले 69 जण केमोशिवायही जगणार होते, 22 जण केमो घेऊनही वाचले नाहीत, आणि सहा महिन्यांच्या उलट्या, हातापायांच्या मुंग्या सोसून फायदा झाला तो सुमारे नऊ जणांना. हे नऊ कोण, ते आधी कळावे, याच्यासाठी जनुकांची सारी खटपट आहे.

त्याच चाचणीतील 625 रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठींवर कोरियन संशोधकांनी चार जनुकांची कसोटी लावली आणि 2018 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष प्रसिद्ध केले. जीझेडएमबी आणि डब्ल्यूएआरएस ही दोन जनुके गाठीत शिरलेल्या प्रतिकारपेशींची हालचाल सांगतात. एसएफआरपी4 गाठीभोवतीच्या आधार-ऊतीची. सीडीएक्स1 पेशींनी आतड्याच्या पेशींचे वळण कितपत टिकवले आहे याची. प्रतिकाराची जनुके जोरात असलेल्या कमी धोक्याच्या गटात पाच वर्षांनी सुमारे 83 टक्के रुग्ण हयात होते, मधल्या गटात 75 आणि जास्त धोक्याच्या गटात 66. प्रतिकार मंद पण सीडीएक्स1 जोरात, अशा गाठींना केमोचा लाभ स्पष्ट दिसला. इतरांत तो दिसला नाही. मात्र ही तपासणी जुन्या चाचणीच्या नमुन्यांवर, मागे वळून केलेली आहे. तिच्या भरवशावर एखाद्याची केमो टाळण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही.

अतिउत्साहाचा प्रश्न : अमेरिकी ॲटलासची माहिती सर्वांना खुली आहे. तिच्यावर संगणक चालवून ‘जठर-कर्करोगाच्या भाकिताची नवी जनुक-यादी’ सांगणारे शोधनिबंध ढिगाने निघाले, आणि त्यांतल्या याद्या एकमेकींशी क्वचितच जुळतात. 20,000 जनुके आणि रुग्ण काही शे. इतक्या थोड्या रुग्णांत काहीतरी जुळून येणारच. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी 2011 मध्ये स्तनाच्या कर्करोगाबाबत याची छान गंमत करून दाखवली : जेवणानंतर हसल्याने रक्तात होणाऱ्या बदलांची जनुक-यादीसुद्धा रुग्णांच्या आयुर्मानाशी ‘लक्षणीय’ संबंध दाखवत होती. डोळे मिटून निवडलेल्या जनुकांच्या याद्याही पुष्कळदा पास झाल्या. म्हणून दुसऱ्या देशातील, दुसऱ्या रुग्णांवर पडताळून न पाहिलेली यादी कितीही मोठ्या आकडेमोडीची असली तरी दवाखान्यात आणू नये.

रायपूरच्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे. जठराचा कर्करोग भारतात सर्वत्र सारखा नाही. मिझोरममध्ये त्याचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे आणि दक्षिणेतही तो बराच आढळतो. मध्य भारतात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग त्याच्यापेक्षा अधिक. त्यामुळे एका शहरातल्या रुग्णांवर कोरियन चाचणी पडताळणे कठीण. अनेक रुग्णालयांनी नमुने एकत्र केले तरच संख्या जमेल. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे अशा कामाला योग्य आहे.

यंत्रे आणि हात मात्र शहरात आहेत. पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले आंबेडकर रुग्णालय (रायपूरकरांचे ‘मेकाहारा’) आणि तेथील क्षेत्रीय कर्करोग केंद्र, एम्स, तसेच नवा रायपुरातील बालको मेडिकल सेंटर येथे कर्करोगावर उपचार होतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या बहुशाखीय संशोधन विभागाने कोरोना झालेल्या रुग्णाचा आजार तीव्र होईल का, हे सुरुवातीलाच सांगणारी पीसीआरवर आधारित चाचणी विकसित केल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. आजार वेगळा, पण मोजमापावरून पुढचे सांगण्याची विद्या तीच.

चार जनुकांची चाचणी येथे पडताळली जाईपर्यंत हाताशी आहे ती आयएचसी, म्हणजे मेणातल्या तुकड्याच्या कापांवर प्रथिने रंगवून पाहणे. डीएनए-दुरुस्तीची चार प्रथिने (एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6, पीएमएस2), हर2, पी53 आणि ई-कॅडहेरिन यांचे रंग पाहून वरच्या उपप्रकारांची ढोबळ ओळख पटते, आणि तिच्यातून उपचारही बदलतात. दुरुस्ती बिघडलेल्या गाठींना नेहमीच्या केमोचा लाभ संशयास्पद असतो, प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधांचा मात्र चांगला होतो. रोग पसरलेल्या, हर2 जास्त असलेल्या रुग्णांत केमोबरोबर ट्रॅस्टुझुमॅब दिल्याने मध्यम आयुर्मान 11.1 वरून 13.8 महिन्यांवर गेल्याचे ‘टोगा’ चाचणीने 2010 मध्ये दाखवले. आयएचसीच्या या तपासण्यांच्या आधी चार जनुकांच्या नव्या चाचणीमागे धावण्यात अर्थ नाही.

नमुन्याची निगा : या सर्व चाचण्या एका लहानशा मेणाच्या ब्लॉकवर अवलंबून असतात. आरएनए फार नाजूक. काढलेले जठर शस्त्रक्रियागृहात तासन्‌तास तसेच राहिले, न उघडताच कमी फॉर्मॅलिनमध्ये बुडवले, किंवा सुट्टी आली म्हणून आठवडाभर फॉर्मॅलिनमध्येच पडून राहिले, तर आरएनएचे तुकडे होतात. मग यंत्र कितीही महागाचे असो, आकडा खोटा येतो. जठर लगेच उघडून, दसपट फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, साधारण एक ते तीन दिवसांत मेणात घालणे आणि बुडवल्याची वेळ फॉर्मवर लिहिणे, याला खर्च जवळपास नाही.

रायपूरहून नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसऱ्या मतासाठी जाणाऱ्यांनी ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्यावेत, त्यांवरील क्रमांक मूळ अहवालाशी ताडून पाहावा आणि परतताना ब्लॉक परत आणावा. पुढे नवी चाचणी निघाली तर ती त्याच्यावरच होईल. एप्रिल-मेमध्ये बंद मोटारीत तो ठेवू नये, मेण वितळते.