देवळालीचा ताप

गोंदियाहून मुंबईस निघालेल्या गाडीने नाशिक रोड सोडले की इगतपुरीच्या अलीकडे देवळाली स्थानक लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते खिडकीतून पाहिले असेल. या गावाचे नाव इंग्रजी बोलीत ‘डूलॅली’ या रूपाने आजही नांदते आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘डोके फिरलेला’. बावचळलेल्या मित्राविषयी किंवा विसराळू म्हाताऱ्याविषयी इंग्रज माणूस तो हसत वापरतो. मूळ प्रयोग मात्र हसण्याजोगा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सेवेची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्यापूर्वी देवळालीच्या छावणीत आणून ठेवीत. सैनिकी जहाजे साधारणतः हिवाळी हंगामातच सुटत, त्यामुळे अवेळी आलेल्यास कित्येक महिने तेथेच काढावे लागत. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्या मुक्कामाविषयी लिहिले आहे. सकाळची हजेरी आटोपली की दिवसभर हाताला काम नाही. ऊन, हिवताप, दारू यांच्या संगतीत सरळमार्गी माणसेही बिघडत; कोणी तुरुंगात जाई, कोणी इस्पितळात. अशांना ‘डूलॅली टॅप’ झाला, असे सोबती म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

शिपायांनी तो ज्वर याच अर्थाने उचलला असणार. परंतु आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो, तो अर्थ मला येथे अधिक चपखल वाटतो. शासकीय सेवेत असताना एका आदेशाची वाट पाहत मी सात महिने काढले आहेत. काम नाही आणि निघताही येत नाही, ही अवस्था काय असते ते मी जाणतो!

पुढे इंग्रजीने ताप टाकून दिला आणि गाव तेवढे ठेवले. हा देवळालीवर अन्याय आहे. वेडेपणासाठी आपणही ठाणे, येरवडा ही नावे घेतो, पण तेथे निदान मनोरुग्णालये आहेत. देवळालीची हवा तर इतकी निरोगी की लोकांनी तेथे आरोग्यधामे बांधली.

आपल्या बालाघाटच्या घरांतूनही हा शब्द निघू लागला आहे. परवा नातवाचे अंग कोमट लागले. सून म्हणाली, “बाबा, याला बुखार आहे.” मी उठून थर्मामीटर शोधू लागलो.