भुयारी रेल्वेचे नकाशे व मार्गदर्शक फलक

प्रवाशाला आपले ठिकाण, जाण्याची दिशा व गाडी बदलण्याचे स्थानक चटकन कळावे, म्हणून योजलेली अक्षरे, रंग, खुणा व नकाशे यांची सुसंगत रचना. तिचा आधुनिक पाया मुख्यतः लंडनमध्ये घातला गेला. तेथील भुयारी मार्ग निरनिराळ्या कंपन्यांकडे होते. १९०८ मध्ये त्यांनी एक समाईक नाव स्वीकारले. त्याच वर्षी, फलाटावरील जाहिरातींच्या गर्दीत स्थानकाचे नाव उठून दिसावे, म्हणून तांबड्या तबकडीवर निळी आडवी पट्टी असलेली खूण वापरात आली. फ्रँक पिक (१८७८–१९४१) या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन (१८७२–१९४४) यांनी साधे, सुवाच्य अक्षरवळण तयार केले; ते १९१६ पासून रूढ झाले.

नकाशे मात्र बराच काळ भूगोलाला धरून काढले जात. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्थानकांची दाटी होई. हॅरी बेक (१९०२–७४) या आरेखकाने १९३१ मध्ये निराळा विचार मांडला. भुयारातून जाणाऱ्याला वरचे रस्ते दिसत नाहीत. त्याला स्थानकांचा क्रम व गाडी बदलण्याची जागा कळली म्हणजे पुरे. म्हणून त्याने केवळ उभ्या, आडव्या व ४५ अंशांच्या तिरप्या रेषा घेतल्या, मध्यभाग मोठा केला, उपनगरांतील अंतरे आखडली आणि वरच्या खुणांपैकी फक्त टेम्स नदी ठेवली. प्रथम नाकारलेला हा आराखडा जानेवारी १९३३ मध्ये ७,५०,००० प्रतींत निघाला व तत्काळ लोकप्रिय झाला. १९६० मध्ये दुसऱ्याचा आराखडा आला आणि बेकचे नाव नकाशावरून गेले. त्याचे श्रेय नकाशावर पुन्हा नोंदले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर.

हीच पद्धती न्यूयॉर्कमध्ये वादग्रस्त ठरली. मास्सीमो व्हिन्येल्ली (१९३१–२०१४) यांच्या १९७२ च्या नकाशात सेंट्रल पार्क हे लांबट उद्यान चौरस दिसे. स्थानकाबाहेर पडून रस्त्यांच्या आधारे वाट काढणाऱ्या प्रवाशांना ते पटेना. १९७९ मध्ये तेथे भूगोलानुसारी नकाशा आला. २०२५ मध्ये मात्र पुन्हा रेखाकृतीचा स्वीकार झाला. नकाशाने कोणते सत्य राखावे व कोणते सोडावे, हे त्याच्या वाचकाच्या गरजेवरून ठरते, असे या इतिहासावरून दिसते.